गोठ्याभोवतीची नाचणी

वसई तालुक्यातल्या चर्चच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या शिक्षिका स्वतः ख्रिस्ती आहेत आणि तिसरीचा वर्ग घेतात. वर्गात ४१ मुलं: १५ ख्रिस्ती, चार मुस्लिम, पाच-सहा वारली पाड्यांवरून येणारी, बाकीची हिंदू. दरवर्षी डिसेंबर उजाडला की येशूजन्माचं नाटुकलं, नाच, सांताक्लॉज आणि भेटवस्तूंची अदलाबदल यांची धावपळ सुरू होते. गेल्या वर्षी एका हिंदू आईने शाळेच्या फाटकापाशी विचारलं, "टीचर, पोरगा घरी येशूची गाणी म्हणतो. हे पुढे कुठवर जाणार?" त्याच आठवड्यात एक ख्रिस्ती वडील म्हणाले, "चर्चच्या शाळेत येशूपेक्षा सांताच जास्त नाचतो." आणि पहिलीत, दुसरीत मेंढरूच झालेला तिसरीतला एक मुलगा आता म्हणतो, "यंदा मी घरीच राहू का?" त्यात गणित मागे पडलं. नव्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणतात, तुम्हाला योग्य वाटेल तसं बसवा, पण कार्यक्रम चांगला दिसला पाहिजे. शिक्षिकेचा प्रश्न असा: नाटुकलं काढून टाकून सांता आणि गाणी एवढंच ठेवावं, म्हणजे कोणाचीच हरकत राहणार नाही? की सगळंच बंद करून सरळ अभ्यास घ्यावा?

प्रिय टीचर,

(तुमच्याकडे मुलं हीच हाक मारतात, म्हणून मीही तीच मारते.)

तुम्ही तिघांची बोलणी लिहिलीत, पण उपाय शोधलात तो दोन पालकांच्या बोलण्यावर. मुलाचं वाक्य एका ओळीत येऊन गेलं. मला मात्र सगळं पत्र त्या ओळीपाशीच अडलेलं दिसतं. आठ-नऊ वर्षांचं पोर सणाच्या दिवशी घरी राहायची परवानगी मागतं, म्हणजे तो सण त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. दोन वर्षं कापूस चिकटवलेला सदरा घालून ते चार पायांवर बसलं, टाळ्या वाजल्या त्या दुसऱ्या कोणासाठी तरी वाजल्या. आई-बापांची समजूत काढता येईल. या मुलाचं काय करायचं हे आधी ठरवू या, बाकीचं त्यातून आपोआप सुटत जाईल असं मला वाटतं.

मी २६ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. तुमच्यासारखीच मीही समजत असे की डिसेंबर म्हणजे अभ्यासाला खीळ. एका वर्षी मी हिशोब मांडून पाहिला. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास धरले आहेत. अल्पसंख्याकांच्या शाळांना तो कायदा लागू नाही, पण मोजायला काठी म्हणून चांगला आहे. रोज एक तास याप्रमाणे १५ दिवस तालीम घेतली तर १५ तास होतात. ८०० मधले १५. तेवढ्याने गणित मागे पडत नाही. गणित मागे पडतं ते आठ मुलं संवाद म्हणत असताना उरलेली तेहतीस भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, "गप्प बसा" ऐकत असतात त्यामुळे. तो त्यांचा वेळ ना सणाचा, ना अभ्यासाचा. यंदा तालमीच्या वेळी घड्याळ लावून एकदा बघा: किती मुलं काहीतरी करताहेत आणि किती नुसती थांबली आहेत? आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. सिस्टरांशी बोलताना तोच उपयोगी पडेल.

आपण सण साजरा करत होतो तो कधीतरी सादर करू लागलो. प्रेक्षक आले, मोबाईल वर झाले, मग स्पष्ट बोलणाऱ्या मुलांना संवाद आणि बाकीच्यांना मेंढरं. आणि स्पष्ट बोलणारी म्हणजे कोण? घरी कादोडी ही वसईची बोली बोलणारं, वारली बोलणारं मूल शाळेतल्या मराठीत अडखळतं, म्हणून ते मागच्या रांगेत जातं. तुमचा तो मुलगा यांपैकी कोण हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण गेल्या तीन वर्षांतली मेंढरांची नावं आठवून बघा. मी माझ्या वर्गाची आठवली होती तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती.

यावर तोडगा मूळ कथेतच आहे, आणि तुम्ही ख्रिस्ती असल्यामुळे तुम्हाला तो माझ्यापेक्षा लवकर सापडेल. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून मागी लोक, म्हणजे ज्ञानी माणसं, येतात. भेटी तीन सांगितल्या आहेत: सोने, ऊद आणि गंधरस. माणसं किती, हे कुठेच सांगितलेलं नाही. तीन राजे ही पुढची परंपरा. मग तुमच्या वर्गात सात जण का येऊ नयेत? लूकच्या शुभवर्तमानातल्या कथेत मेंढपाळ किती, याचाही आकडा नाही, ते दहा असू देत. स्वर्गदूतांचा तर समुदायच आहे. योसेफाच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या नवऱ्याच्या, तोंडी चारही शुभवर्तमानांत एक शब्दही नाही. तेव्हा ज्या मुलाच्या तोंडून चारचौघांत शब्द फुटत नाही त्याला योसेफ करा. त्याने फक्त मरियेच्या पुढे कंदील धरून चालायचं. एवढं तो अतिशय मनापासून करील, बघा.

आणि दूत मेंढपाळांना म्हणतो, "भिऊ नका." हे वाक्य प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या बोलीत म्हणायचं. आजीला विचारून यायचं: आपल्या घरी घाबरलेल्या माणसाला काय म्हणतात? कादोडी येईल, वारली येईल, उर्दू येईल, आगरी येईल, कोणाचे आई-वडील उत्तर प्रदेशातून आलेले असतील तर भोजपुरी येईल. फळ्यावर ती सगळी वाक्यं एकाखाली एक लिहा. तो तुमचा भाषेचा तास झाला, आणि ज्या बोलीमुळे मूल मागच्या रांगेत गेलं होतं तीच बोली पुढे आली.

आता सांताबद्दल. येशू काढला आणि सांता ठेवला की सगळ्यांना चालेल, असं तुम्ही धरून चालला आहात. पण सांता काही धर्माबाहेरून आलेला नाही. चौथ्या शतकातले मायराचे बिशप संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातले, हेच त्याचं मूळ, आणि ६ डिसेंबर हा त्यांचा सण. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या अशी आख्यायिका आहे. देणाऱ्याचं नाव कळू नये म्हणून रात्र. आपल्या शाळेतला सांता मात्र लाल टोपी घालून माईकवरून नाव पुकारून गोळ्या वाटतो. तो ठेवायचाच असेल तर त्याची ही गोष्ट सांगून ठेवा. नाहीतर ख्रिस्ती वडिलांची तक्रार खरी आहे: सणाचा गाभा काढून वेष्टण ठेवलं, आणि ते कोणाच्या तरी भीतीने ठेवलं. मुलांना हे कळतं. "टीचर आपल्या घरी जे मानतात ते इथे बोलायला घाबरतात," एवढं मात्र ती शिकून जातात.

त्या हिंदू आईला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. तिचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. मिशनच्या शाळेत पोर घातलं की ते बाटतं, ही भीती आपल्याकडे जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत आली, पाठोपाठ शाळा निघाल्या, आणि धर्मांतरं झाली तेव्हा घरंच्या घरं दुभंगली. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींना शिकवलं, आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे शिकवण्याचे धडे घेतले. दोन्ही खरं आहे. त्या आईच्या मनात पहिलं असेल, तुमच्या मनात दुसरं. दोघींनी एकमेकींचं ऐकून घ्यावं असं मला वाटतं.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. घटनेच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढून चालवायचा हक्क आहे. आणि कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, मूल लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. दोन्ही कलमं शेजारी शेजारी ठेवली की वाट दिसते. गोष्ट सांगणं वेगळं, गोठा (येशूजन्माचा देखावा) बांधणं वेगळं आणि हात जोडायला लावणं वेगळं. पहिली दोन सगळ्या वर्गाची. तिसरं ज्याच्या घरचं त्याचं. प्रार्थना झालीच तर ज्याला म्हणायची नाही त्याने शांत उभं राहावं, आणि ते त्याला सगळ्यांसमोर विचारून नव्हे, पालकांना आधीच चिठ्ठी पाठवून ठरवावं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार ओळींची चिठ्ठी: आम्ही नाताळची गोष्ट सांगणार आहोत, गोठा आणि तारे करणार आहोत, गाणी म्हणणार आहोत, आपल्या मुलाने कशात भाग घ्यावा ते कळवा. त्या आईला तर फाटकापाशी न गाठता वर्गात बोलवा आणि मुलं काय करताहेत ते बघू द्या.

वर्गात करायचं काय? मी तुम्हाला दोनच गोष्टी मन लावून सांगते, बाकीच्या तुम्हाला सुचतील.

पहिली नाचणी. गोव्यात आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत गोठ्याभोवती हिरवळ म्हणून नाचणी किंवा गहू उगवून ठेवतात. तुमच्या वर्गातल्या १५ घरांपैकी एखाद्या आजीला तरी हे माहीत असेल, तिलाच पेरायला बोलवा. ८ डिसेंबरच्या आसपास पेरायची. पसरट ताटली, दोन बोटं माती, नाचणी रात्रभर भिजवलेली. दर पाच मुलांमागे एक ताटली. पहिले तीन-चार दिवस काहीच होत नाही आणि मुलं माती उकरून बघतात. उकरू द्या, एका ताटलीचं नुकसान झालं तर होऊ दे. मग एका सकाळी मातीवर पांढरट, केसासारखे कोंब दिसतात, आणि अख्खा वर्ग बाकं सोडून खिडकीकडे धावतो. माझ्या वर्गात तेव्हा एका मुलीने पट्टी उभी धरून मापलं आणि ओरडून सांगितलं, "अर्धा सेंटिमीटर!" त्याआधी महिनाभर मी फळ्यावर सेंटिमीटर-मिलिमीटर शिकवत होते, तिला ते जमत नव्हतं. रोज मापायचं, तक्त्यात लिहायचं, ताटलीचं तोंड फिरवून कोंब उजेडाकडे कसे वळतात ते बघायचं. परिसर अभ्यास, मापन, स्तंभालेख, सगळं त्यात आलं. सुट्टी लागेपर्यंत बोटभर गवत तयार होतं. हिंदू मुलांना घटस्थापनेचं धान्य आठवेल, ती स्वतःहून सांगतील. तुम्ही जोडून द्यायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट तारा. बाजारातला प्लास्टिकचा आणू नका. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या आणि पतंगी कागद घराघरात उरलेला असतो. कामट्या सारख्या मापाने कापून द्यायला एखादे वडील बोलवा, कोयता मुलांच्या हाती नको. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या टोकांना बांधायच्या, मध्ये फुगीर राहावा म्हणून पाच आखूड काड्या. म्हणजे एका ताऱ्याला १५. आठ गट असतील तर किती कामट्या लागतील? हा हिशोब आधी करायचा आणि मगच सामान मिळायचं. पंधराचा पाढा मी असा शिकवला आहे, तो विसरला गेला नाही. मैद्याची खळ वर्गातच शिजवा. कोमट खळीत बोटं बुडवून कागदावर फिरवताना नेहमी वात्रटपणा करणारी मुलंसुद्धा गप्प होतात. पतंगी कागद जोरात ओढला की फाटतो, हे सांगून कळत नाही.

गोठ्यात कापसाचं बर्फ घालू नका, एवढी विनंती. तुमच्या मुलांनी बर्फ पाहिलेलं नाही. त्यांनी विहीर पाहिली आहे, केळीची बाग पाहिली आहे, पाड्यावरची कुडाची भिंत पाहिली आहे. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी पहिला गोठा मांडला तेव्हा त्यात गवताची गव्हाण, एक बैल आणि एक गाढव एवढंच होतं. वारली मुलांना कुडाला शेण-माती लिंपायला आणि त्यावर चित्रं काढायला सांगा. त्या दिवशी वर्गाचे गुरुजी तेच.

भेटवस्तूंची अदलाबदल मात्र बंद करा. यात मला दुसरी बाजू दिसतच नाही. माझ्या वर्गात एका मुलीने वर्तमानपत्रात गुंडाळून रंगीत खडूंची पेटी आणली होती, तिची स्वतःची. ज्याला मिळाली त्याने सगळ्यांसमोर उघडली आणि म्हणाला, "बाई, हे वापरलेलं आहे." लाल खडू अर्धा झिजलेला होता. ती मुलगी पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही. मी घरी गेले तर ती दाराआड उभी राहिली, बाहेर आली नाही. त्यानंतर मी फक्त नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी आठवडाभर गुपचूप काहीतरी करायचं: बाटली भरून ठेवायची, वही उचलून द्यायची, डबा विसरला तर आपल्यातला अर्धा द्यायचा. शेवटच्या दिवशी ओळखायचं कोण होतं ते. खर्च शून्य, आणि संत निकोलस यांची गोष्ट सांगितलेली असेल तर मुलांना ते लगेच कळतं.

नाताळपुरतंच थांबू नका. बाकीच्या घरांचे सणही त्या त्या मुलांनी सांगावेत, पण तुम्ही 'सर्वधर्मसमभावाचा तक्ता' भिंतीवर लावून मोकळ्या होऊ नका. ईदच्या शीरखुर्म्यात काय काय पडतं हे ज्याच्या घरी शिजतो त्याने सांगावं, वाघबारशीचा वाघोबा पाड्यावरच्या मुलाने. गुड फ्रायडेचा देखावा मात्र आठ वर्षांच्या मुलांकडून करवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो विषय मोठा आहे, तो घरी आणि चर्चमध्ये राहू दे. त्याऐवजी फाल्गुनापासून मुलांना रोज चंद्र काढायला लावा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२३ साली हनुमान जयंती गुरुवारी ६ एप्रिलला होती आणि ईस्टर त्याच रविवारी, ९ तारखेला. २०२४ साली २५ मार्चला धुळवड आणि ३१ ला ईस्टर. चर्चची गणितं आकाशातल्या चंद्रापेक्षा एखाद्या दिवसाने मागे-पुढे होतात, त्यामुळे दरवर्षी अगदी तंतोतंत जुळेल असं नाही, पण एकाच चंद्रावर दोन्ही घरांचे सण टांगलेले आहेत हे मुलं स्वतः शोधून काढतात.

राहिल्या सिस्टर. "चांगलं दिसलं पाहिजे" यावर वाद घालू नका. त्यांनाही पालकांना तोंड द्यावं लागतं. त्यांना विचारा: रंगमंचाऐवजी एका सकाळी वर्गच उघडा ठेवला तर? पालकांनी आत यायचं, मुलांनी आपापली ताटली, आपला तारा, आपला तक्ता दाखवायचा, मग व्हरांड्यात दहा मिनिटांचं नाटुकलं, भाड्याचे पोशाख नाहीत. ४१ मुलं, प्रत्येकाकडे दाखवायला काहीतरी. तुमच्या वहीतला तो आकडा इथे काढा. त्या तयार झाल्या नाहीत तर रंगमंच राहू दे, पण सात मागी आणि दहा मेंढपाळ घेऊनच चढा. ख्रिस्ती वडिलांना त्या सकाळी गोष्ट वाचून दाखवायला बोलवा. त्यांची तक्रार प्रेमापोटी आहे, त्यांना काम द्या.

आणखी एक. कितीतरी घरांत २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवतात. तुम्हीही तशीच ठेवा. सुट्टी लागायच्या दिवशी मुलं विचारतील, "टीचर, बाळ कुठंय?" अजून आलेलं नाही, एवढंच सांगा. जानेवारीत शाळा उघडेल त्या सकाळी तुम्ही जरा लवकर जाऊन बाळ ठेवा. ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत गोठा राहू द्या, कागदी मागी दाराकडून रोज एकेक बाक पुढे सरकवायचे. नाचणी तोवर पिवळी पडलेली असेल. कोणाच्या घरी शेळी आहे, ते आधीच विचारून ठेवा.